अभिलेखांचा नवा रुमाल : अनेक डिस्कची पेटी निवडताना

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील एखादा रुमाल कित्येक वर्षांत कोणी सोडला नसला, तरी मोडी जाणणाऱ्या अभ्यासकास तो उघडताच त्यातील मजकूर वाचता येतो. कागदाचा हा फार मोठा गुण होय. वाळवी, ओल आणि आग यांपासून त्याचे रक्षण केले, की त्याच्याकडे नित्य लक्ष देण्याचे कारण उरत नाही. संगणकाच्या हार्ड डिस्कचे तसे नाही. ती चालू असता अखंड फिरते, झिजते आणि एखाद्या दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. कपाटात वर्षानुवर्षे नुसती ठेवून दिली, तरी ती पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नसते.

शासकीय कार्यालयांत अभिलेखांची वर्गवारी करण्याची पद्धत जुनी आहे. 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, 'क-१' वर्गाचे दहा वर्षे, 'क' वर्गाचे पाच वर्षे आणि 'ड' वर्गाचे एक वर्ष जतन करावयाचे असतात. हार्ड डिस्कची हमी मात्र बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. जो अभिलेख कायम राखावयाचा, तो पाच वर्षांच्या हमीच्या साधनावर ठेवावयाचा, असा हा पेच आहे. सातबारा उतारे किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदी यांसारखी माहिती आता मध्यवर्ती प्रणालींत असते आणि तिच्या रक्षणाची व्यवस्था त्या प्रणालींत केलेली असते. परंतु जुन्या नोंदवह्यांच्या छायाप्रती, ग्रामसभेची चित्रफीत, बांधकामांचे नकाशे व छायाचित्रे, शाळेचे जनरल रजिस्टर, वाचनालयातील दुर्मिळ नियतकालिकांच्या प्रती हे सारे बहुतेक ठिकाणी कार्यालयातील एका संगणकावर किंवा टेबलाच्या खणातील एका सुट्या डिस्कवर असते. ती एक डिस्क गेली, की काही महिन्यांचे श्रम गेले. आणि मूळ कागद त्यापूर्वीच जीर्ण झाला असेल, तर अभिलेखच गेला.

या अडचणीवरील एक उपाय म्हणून अनेक डिस्क एकत्र बसविलेल्या बाह्य पेट्या बाजारात मिळतात. संगणकाला त्या एका तारेने जोडता येतात. त्यांचे स्वरूप, त्यांची मर्यादा आणि निवड करताना पाहावयाच्या गोष्टी यांचा परिचय येथे करून दिला आहे.

कल्पनेचा उगम

१९५६ साली आयबीएम कंपनीने आपल्या रॅमॅक संगणकाबरोबर पहिले डिस्क-साधन बाजारात आणले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांचे ते अवजड कपाट होते आणि त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या भ्रमणध्वनीतील एका छायाचित्रालाही जवळजवळ तेवढीच जागा लागते. पुढे डिस्क लहान व स्वस्त होत गेल्या. परंतु मोठ्या संगणकांसाठी वापरल्या जाणाऱ्या डिस्क बराच काळ अतिशय महाग राहिल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात निराळा मार्ग सुचविला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांतील एखादी बिघडणार हे गृहीत धरून माहितीची मांडणीच अशी करावी, की बिघाड होऊनही काही हरवू नये, असा त्या विचाराचा गाभा होता. या मांडणीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेड' हे नाव पडले. मूळ नावात 'स्वस्त' असा शब्द होता. पुढे उद्योगांनी त्याच्या जागी 'स्वतंत्र' असा शब्द योजला.

मांडणीचे प्रकार

रेडचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. पेटी विकत घेणाऱ्याने त्यांतील चार-पाच तरी समजून घेतले पाहिजेत. कारण एकाच पेटीत त्याच डिस्क निरनिराळ्या प्रकारे मांडता येतात आणि त्यानुसार सुरक्षितता पूर्णपणे बदलते.

'रेड शून्य' या प्रकारात माहितीचे तुकडे करून ते सर्व डिस्कवर वाटले जातात. त्यामुळे वेग वाढतो, सर्व जागा वापरता येते. परंतु एक डिस्क गेली तरी सर्वच माहिती जाते. एका डिस्कचा वर्षात बिघडण्याचा संभव शेकडा दोन धरला, तर चार डिस्कपैकी निदान एक बिघडण्याचा संभव शेकडा जवळजवळ आठ होतो. म्हणजे या मांडणीने धोका चौपट वाढतो. अभिलेख जतनासाठी तिचा उपयोग कदापि करू नये. काही पेट्या कारखान्यातून येतानाच या प्रकारात मांडलेल्या असतात, हे येथे लक्षात ठेवणे इष्ट होय.

'रेड एक' म्हणजे प्रतिबिंब. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. निम्मी जागा खर्ची पडते. परंतु एक डिस्क गेली तरी दुसरीवर सर्व काही जसेच्या तसे असते.

'रेड पाच' समजण्यास किर्दीचे उदाहरण उपयोगी पडेल. एका पानावर तीन रकमा आणि त्यांची बेरीज लिहिलेली आहे. त्यांतील एक रक्कम वाळवीने खाल्ली, तरी बेरजेतून उरलेल्या दोन रकमा वजा करून ती पुन्हा मिळविता येते. रेड पाचमध्ये संगणक असाच एक पडताळ्याचा आकडा प्रत्येक वेळी लिहून ठेवतो आणि तो सर्व डिस्कवर आळीपाळीने वाटतो. यासाठी किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कइतकीच जागा खर्ची पडते. परंतु दोन रकमा एकदम नाहीशा झाल्या, तर एका बेरजेवरून त्या सांगता येणार नाहीत. यास्तव 'रेड सहा' मध्ये निराळ्या रीतीने काढलेला दुसरा पडताळाही ठेवतात. किमान चार डिस्क असलेल्या या मांडणीत कोणत्याही दोन बिघडल्या तरी माहिती सुरक्षित राहते. 'रेड दहा' मध्ये प्रतिबिंबाच्या जोड्या करून माहिती त्या जोड्यांवर वाटली जाते.

चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्यास रेड शून्यमध्ये १६, रेड पाचमध्ये १२ आणि रेड सहा किंवा रेड दहामध्ये ८ टेराबाइट जागा वापरावयास मिळते. म्हणजे येथे सुरक्षिततेची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. शिवाय निर्माते टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात आणि अनेक संगणक द्विमान पद्धतीने दाखवितात. त्यामुळे ८ टेराबाइटची डिस्क पडद्यावर ७.२७ दिसते. पुरवठादाराने जागा कमी दिली, असा याचा अर्थ होत नाही.

गरजेचा हिशेब

खरेदीपूर्वी जागेची गरज कागदावर मांडावी. ए-फोर आकाराचे एक पान तीनशे बिंदू प्रतिइंच या प्रमाणात रंगीत छायांकित केले आणि ते न दाबता जतन केले, तर त्यास सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. दोनशे पानांच्या एका नोंदवहीस सुमारे ५.२ गिगाबाइट आणि अशा हजार नोंदवह्यांस ५.२ टेराबाइट जागा लागेल. नित्य वापरासाठी दाबून लहान केलेल्या प्रती याहून पुष्कळ कमी जागेत मावतात. या हिशेबात पुढील पाच वर्षांची वाढ मिळविली, की एखाद्या शाळेस, ग्रामपंचायतीस किंवा लहान वाचनालयास दोन डिस्कची, प्रतिबिंब पद्धतीची पेटी बहुधा पुरेशी ठरते, असे दिसून येईल. ही पद्धत समजण्यास व दुरुस्तीस सोपी आहे. तालुका किंवा जिल्हा पातळीवर छायांकनाचे मोठे काम चालू असेल, तेथेच चार किंवा अधिक डिस्कच्या पेटीचा विचार करावा. आणि डिस्क मोठ्या असल्यास रेड पाचऐवजी रेड सहा पत्करावा.

मोठ्या डिस्कसाठी ही शिफारस करण्यामागे कारण आहे. एक डिस्क बिघडून तिच्या जागी नवी बसविल्यावर पेटी उरलेल्या डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचून नवीवर मजकूर पुन्हा उभा करते. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदास २०० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी अकरा तास लागतात. काम चालू ठेवल्यास याहून बराच अधिक वेळ जातो. या काळात रेड पाचमध्ये कोणतेही संरक्षण शिल्लक नसते. सामान्य वापराच्या अनेक डिस्कच्या वैशिष्ट्यपत्रात, सुमारे साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादा अंश न वाचता येण्याची शक्यता मान्य केलेली असते. पुनर्रचनेच्या वेळी नेमका असा अंश आडवा आला, तर काम अडते. एकाच वेळी, एकाच कारखान्यातून आलेल्या आणि सारख्याच झिजलेल्या डिस्कपैकी दुसरीही याच सुमारास बिघडणे अशक्य नसते.

पेटी पाहताना

पहिला प्रश्न असा विचारावा : पेटीच बिघडली तर डिस्क कशावर वाचता येतील? काही पेट्यांत रेडचा कारभार पेटीतील नियंत्रक मंडल पाहते. मांडणी सोपी असते, संगणकावर भार पडत नाही. परंतु त्या निर्मात्याची मांडणी दुसऱ्या निर्मात्याच्या पेटीस कळेलच असे नाही. डिस्क धडधाकट असूनही माहिती हाती लागत नाही, असा प्रसंग त्यातून ओढवू शकतो. अन्य पेट्या डिस्क नुसत्या संगणकापर्यंत पोहोचवितात आणि रेडचा कारभार संगणकातील प्रणाली पाहते. लिनक्स प्रणालीत ही सोय अंतर्भूत आहे आणि तिने मांडलेल्या डिस्क लिनक्स असलेल्या दुसऱ्या संगणकाला जोडूनही वाचता येतात. मात्र ती सांभाळण्यास थोडा जाणकार कर्मचारी लागतो. असा कर्मचारी नसेल, तर नियंत्रक मंडल असलेली दोन डिस्कची पेटी घ्यावी. पण प्रतिबिंबातील एक डिस्क बाहेर काढून स्वतंत्रपणे वाचता येते काय, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे व स्वतः पडताळून पाहावे.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. एक डिस्क गेल्यावरही पेटी काम करीतच राहते. हा तिचा गुण आणि हाच तिचा धोका होय. कारण कोणाच्याच लक्षात आले नाही, तर दुसरी डिस्क जाईपर्यंत कार्यालय निर्धास्त राहते. प्रत्येक डिस्कसाठी स्वतंत्र दिवा, मोठ्याने वाजणारा भोंगा आणि संगणकावर सूचना देणारी प्रणाली या तिन्ही सोयी पेटीत असाव्यात. डिस्कचे खण क्रमांकित, कुलूपबंद आणि पेटी चालू असतानाच डिस्क बदलता येईल असे असावेत. क्रमांक नसल्यामुळे बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क बाहेर ओढण्याची चूक घडू शकते.

तिसरी गोष्ट वीज व उष्णता यांची. मजकूर लिहिला जात असताना वीज गेली, तर रक्कम लिहिली गेली आणि बेरीज राहिली, अशी स्थिती पडताळ्याच्या मांडणीत निर्माण होऊ शकते. म्हणून पेटी व संगणक दोन्ही यूपीएसवर असणे आणि भिंतीतील अर्थिंग योग्य असणे आवश्यक ठरते. धातूची पेटी आणि सहज बदलता येणारा पंखा असल्यास उत्तम. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा व धूळ लक्षात घेऊन पेटी भिंतीस टेकवून किंवा बंद कपाटात ठेवू नये.

जोडणीच्या वेगाविषयी मात्र फार चिंता करण्याचे कारण नाही. फिरणारी डिस्क सेकंदास साधारणतः १५० ते २५० मेगाबाइट वाचते. पाच गिगाबिटची यूएसबी जोडणी दोन डिस्कच्या पेटीस पुरते. चार किंवा अधिक डिस्क असल्यास दहा गिगाबिटची जोडणी असावी. त्याहून वेगवान जोडणीवर होणारा खर्च चित्रपट संकलनासारख्या कामास योग्य आहे. अभिलेखांच्या कामात तो पैसा आणखी एका डिस्कवर खर्च करणे अधिक हिताचे.

ज्या पेट्या तारेने एका संगणकास न जोडता कार्यालयाच्या संगणक-जाळ्यास जोडतात, त्या वस्तुतः लहान संगणकच असतात. अनेकांना एकाच वेळी वापरता येणे ही त्यांची सोय. परंतु त्या थेट इंटरनेटला उघड्या ठेवू नयेत. २०२१ व २०२२ मध्ये अशा पेट्यांवर जगभर खंडणीखोर प्रणालींचे हल्ले झाले आणि अनेकांची माहिती कुलूपबंद झाली.

डिस्कची निवड

पेटीइतकेच लक्ष डिस्ककडे द्यावे. आजच्या काही डिस्कवर माहितीचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक सरकवून बसविलेले असतात. मधले एक कौल बदलावयाचे, तर शेजारची उचलावी लागतात. तसेच या डिस्कवर जुन्या मजकुराच्या जागी नवा लिहिताना शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात आणि वेग फार मंदावतो. पुनर्रचनेच्या वेळी अशी डिस्क रेडमधून बादही होऊ शकते. यास्तव पट्टे स्वतंत्र असलेल्या, म्हणजे 'सीएमआर' पद्धतीच्या आणि अखंड वापरासाठी बनविलेल्या डिस्क हव्यात, असे मागणीपत्रात स्पष्ट लिहावे. शक्य झाल्यास त्या निरनिराळ्या उत्पादन-तुकड्यांतील असाव्यात आणि एक डिस्क राखीव म्हणून त्याच वेळी खरेदी करावी. ऐनवेळी दरपत्रके मागविण्यात आठवडे जातात आणि तेवढे दिवस माहिती एका डिस्कच्या भरवशावर राहते.

आधार, बँक खाती किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती साठवावयाची असल्यास ती कूटबद्ध करावी. डिस्क बिघडून हमीखाली परत गेली, तरी ती परक्याच्या हाती वाचली जाऊ नये. मात्र काही पेट्यांत कूटबद्धतेची किल्ली पेटीच्या मंडलातच असते आणि मंडल बिघडले की डिस्क कायमची बंद होते. ही बाब आधी विचारून घ्यावी. संकेतशब्द मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात असावा. तो एका कर्मचाऱ्याच्या स्मरणात असून भागत नाही, कारण कर्मचाऱ्याची बदली होते.

पेटी आल्यावर तिच्यात लगेच माहिती भरू नये. प्रथम नमुन्याची माहिती ठेवून एक डिस्क मुद्दाम बाहेर काढावी, भोंगा वाजतो काय ते पाहावे, राखीव डिस्क बसवून पुनर्रचना पूर्ण होऊ द्यावी आणि लागलेला वेळ नोंदवावा. आगीच्या बंबाची जशी कवायत घेतात, तशीच ही कवायत होय. ती यशस्वी झाल्यावरच देयक मंजूर करावे.

पेटीने न होणारे काम

इतके करूनही एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. डिस्कची पेटी एका डिस्कच्या बिघाडापासून रक्षण करते, त्याहून अधिक काही नाही. चुकून पुसलेली फाइल प्रतिबिंबावरूनही त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर प्रणालीने कुलूप घातले, तर ते सर्व डिस्कवर पडते. चोर पेटी नेतो तेव्हा चारही डिस्क एकदमच जातात.

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या नस्त्या जळाल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर महापुराच्या पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी कागद आणि डिस्क यांत भेद राहत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकसेवा देणाऱ्या कंपनीत एका तंत्रज्ञाकडून चालू माहितीसाठा चुकून पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या अनेक योजना कागदोपत्री होत्या. प्रत्यक्षात त्या नीट चालत नसल्याचे त्या रात्री कळले. अन्य कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत होती, म्हणून बरेचसे वाचले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रास आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामकाजाच्या दस्तऐवजांचा ८५८ टेराबाइटचा साठा तीत नष्ट झाला. साठा फार मोठा असल्याने त्याची प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या एका राष्ट्राची ही हानी आहे. उणीव यंत्रांची नव्हती. दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीची होती.

यावर जगभर मान्य झालेला नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. ग्रामपंचायतीच्या पेटीतील माहितीची एक प्रत सुट्या डिस्कवर काढून ती पंचायत समितीच्या इमारतीत, तर शाळेची प्रत केंद्रशाळेत ठेवता येईल. कार्यालय पूररेषेत असेल, तर ही दुसरी जागा पूररेषेबाहेरील असावी. प्रत काढल्यावर ती डिस्क संगणकापासून अलग करून ठेवावी; जोडूनच ठेवलेली प्रत मूळ माहितीबरोबरच नष्ट होण्याचा संभव असतो. अंदाजपत्रक मर्यादित असल्यास चार डिस्कची भारी पेटी घेण्यापेक्षा दोन डिस्कची साधी पेटी आणि दोन सुट्या डिस्क घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

सर्व प्रती एकाच योग्यतेच्या नसतात. वर सांगितलेली अभिलेखांची वर्गवारी येथेही उपयोगी पडते. 'अ' व 'ब' वर्गाच्या माहितीसाठी तीनही प्रतींचा आग्रह धरावा, 'ड' वर्गाची माहिती मुदतीनंतर रीतसर काढून टाकावी. त्यामुळे जागा वाचते आणि महत्त्वाचे ते नजरेआड होत नाही.

देखरेखीची नोंदवही

पेटीची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत झाली, म्हणजे काम संपले असे समजू नये. तिच्याशेजारी एक लहान नोंदवही असावी. आठवड्यातून एकदा दिवे पाहून सही करावी. महिन्यातून एकदा दुसऱ्या ठिकाणची प्रत अद्ययावत करावी आणि सर्व डिस्क अखेरपर्यंत वाचून तपासण्याची सोय पेटीत असल्यास ती चालवावी. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून वाचाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. चार-पाच वर्षांनी डिस्क बिघडण्याची वाट न पाहता नव्या डिस्कवर माहिती उतरवावी आणि त्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करून ठेवावी. प्रभार सोपविताना ही नोंदवही, किल्ल्या आणि मोहोरबंद लिफाफा यांचा उल्लेख प्रभार यादीत असावा.

जुन्या दप्तरातील कागद शेकडो वर्षे टिकले, ते केवळ कागदाच्या गुणाने नव्हे. पिढ्यान् पिढ्या कोणीतरी ते रुमाल उन्हात घालून, झाडून, पुन्हा बांधून ठेवले. नव्या साधनात ही राखण अधिक वारंवार करावी लागते, एवढाच काय तो फरक. पेटी कितीही चांगली असली, तरी तिचा लाल दिवा पाहून उठणारा मनुष्य कार्यालयात असावा लागतो. तो असेल, तर आज छायांकित केलेली गावाची नोंदवही पन्नास वर्षांनंतरही कोणा नागरिकास आपल्या हक्काचा पुरावा म्हणून हाती मिळेल.